बारा घरांचं मशीन आणि वीस आकडी संख्या

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात हे टेबल कॅल्क्युलेटर मी चाळीसगावात स्टेशन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून ५२० रुपयांना घेतलं. बारा आकडी, सोलर आणि सेल दोन्हींवर चालणारं, स्क्रीन थोडी तिरपी. आता बाजार समितीच्या यार्डात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, यायला लागली, म्हणजे सहा महिने झाले. सहा महिने ते रोज माझ्या हाताखाली आहे, म्हणून लिहितो.

मी आडतीच्या दुकानात हिशोब लिहितो. एकतिसावं वर्ष चालू आहे. शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पट्टी हल्ली कॉम्प्युटरवर निघते, तरी शेतकरी समोर उभा असला की त्याला आकडा मशीनवर दाखवावा लागतो. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा. छापलेली पट्टी तो घडी करून खिशात ठेवतो, पण मशीनच्या स्क्रीनकडे मात्र डोळे लावून बघतो. त्याच्या वर्षाच्या कमाईचा आकडा तिथे उमटत असतो. त्यामुळे आकडा ठळक दिसणं ही माझी पहिली अट होती, आणि त्यात हे मशीन उत्तम आहे. आकडे मोठे आहेत, काळे आहेत, दोन हातांवरून म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतात. बटणं मऊ आहेत आणि दाबलेलं बोटाला कळतं. ‘जीटी’ म्हणजे एकूण बेरजेचं बटण रोजमेळ मिळवताना फार उपयोगी. दीडशे पायऱ्यांपर्यंत मागे जाऊन ‘चेक’ करता येतं. संध्याकाळी मेळ बसला नाही की आधी सगळे आकडे पुन्हा मारावे लागायचे, आता एकेक पायरी मागे जाऊन चूक सापडते. याच एका गोष्टीसाठी मी आणखी शंभर रुपये दिले असते.

पण या मशीनची खरी परीक्षा यार्डात झाली नाही. ती घरी, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या नातीने घेतली.

नात आठवीत आहे. तिने ती बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट वाचली होती, राजाकडे बक्षीस म्हणून पटावर दाणे मागितल्याची. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. एकूण दाणे किती? तिच्या वडिलांच्या मोबाईलने १.८४४६७४४ असं काहीतरी दाखवलं आणि मागे दहाचा एकोणिसावा घात. तिला ते पटलं नाही. “आबा, दाणे मोजायचे तर पुरते मोजायचे ना? शेवटचा दाणासुद्धा.” मला तिचं म्हणणं शंभर टक्के मान्य होतं. हिशोबात ‘सुमारे’ चालत नाही.

या मशीनवर दोन दाबून गुणिले दोनदा दाबलं की तो आकडा अडकून राहतो. मग नुसतं ‘बरोबर’ दाबत गेलं की दर दाबाला दुप्पट: ४, ८, १६, ३२. ती दाबत गेली, मी वहीत घरं मांडत गेलो. पटाची एकेक ओळ आठ घरांची. पाचवी ओळ संपली तेव्हा चाळिसाव्या घरात ५४९७५५८१३८८८ दाणे होते, बारा आकडे, स्क्रीन काठोकाठ. पुढचा दाब दिला आणि डाव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘ई’ आलं. सगळी बटणं गप्प.

“आबा, मशीन बिघडनं का?”

“नही बेटा, तेना बारा घरं भरी ग्यात.”

पटाच्या आठ ओळींपैकी पाच ओळी बारा आकड्यांत बरोब्बर मावतात आणि सहाव्या ओळीच्या पहिल्याच घराला मशीन थांबतं, हे मला आधी माहीत नव्हतं. एकतीस वर्षं बारा आकडी मशीन वापरून मला त्याची हद्द त्या दिवशी प्रत्यक्ष दिसली. आमच्या यार्डात ती कधीच लागली नसती.

आता उरलेलं कसं करायचं? इथे मला भास्कराचार्य आठवले, आणि ते आठवायला मला लांब जावं लागत नाही. चाळीसगावहून पाटणादेवीला गेलं की तिथल्या देवळात त्यांचा नातू चांगदेव याने कोरवलेला शिलालेख आहे, शके ११२८ चा. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ती नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात लिहिलं आहे. बाजारच्या मालावरच्या कराने गणिताची शाळा चालत होती! मी बाजार समितीच्या सेसचे आकडे रोज लिहितो, त्यामुळे तो मजकूर वाचून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. नातीला घेऊन मी तिथे दोनदा गेलो आहे.

भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात दुपटीचं एक गणित आहे. एका माणसाने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्यात किती निष्क दिले? वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. उत्तर १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या, ६ कवड्या. मी ते मशीनवर ताडून पाहिलं. एकूण कवड्या २१४७४८३६४६, एका निष्काच्या कवड्या २०४८०. भागत गेलो, बाकी काढत गेलो, शेवटची सहावी कवडी जागेवर आली. आठशे वर्षांहून जुना हिशोब, कवडीचा फरक नाही.

त्या गणिताची रीत फार सुरेख आहे. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. संख्या सम असेल तर अर्धी करायची आणि ‘वर्ग’ लिहायचं. विषम असेल तर एक वजा करायचा आणि ‘गुण’ लिहायचं. मग शेवटाकडून उलटं करत यायचं. चौसष्टला ही रीत लावली की बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. सगळे वर्गच वर्ग. म्हणजे दोनाचा सहा वेळा वर्ग केला की झालं: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाच वर्ग मशीनवर झाले, एका मिनिटात. सहावा राहिला. ४२९४९६७२९६ चा वर्ग वीस आकडी येतो, आणि मशीनला बाराच घरं.

मग आम्ही त्या संख्येचे दोन तुकडे केले, जसं मोठं बारदान एकट्याने उचलत नाही म्हणून माल दोन कट्ट्यांत भरतात तसं. पुढचे पाच आकडे ४२९४९, मागचे पाच ६७२९६. तिला शाळेत शिकवलेलंच सूत्र: पहिल्याचा वर्ग, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट, दुसऱ्याचा वर्ग. पहिला १८४४६१६६०१. दुप्पट ५७८०५९१८०८. शेवटचा ४५२८७५१६१६. तिन्ही दहा-दहा आकडी, मशीनमध्ये आरामात बसले. मी रोजमेळाच्या वहीचं कोरं पान फाडलं, पहिल्याच्या मागे दहा शून्यं, दुसऱ्याच्या मागे पाच, तिसरा जसाच्या तसा, आणि घरांखाली घर मांडून बेरीज हाताने केली. १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटी एक वजा, कारण सगळ्या घरांची बेरीज पुढच्या घरापेक्षा नेहमी एकाने कमी असते: १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घातले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. लीलावतीत एकं, दहं, शतं पासून अठरा स्थानांची नावं आहेत आणि शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या एकशे चौऱ्यांशी परार्धांच्या वर जाते. मोबाईलच्या मागल्या दहाच्या घातापेक्षा ‘एकशे चौऱ्यांशी परार्ध’ हे बोलायला किती भारदस्त वाटतं! नातीने ते चार वेळा मोठ्याने म्हटलं.

तिच्या लक्षात आलेली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. या वीस आकड्यांत शून्य आहे, एक आहे, तीनपासून नऊपर्यंत सगळे आहेत. फक्त दोन नाही. सगळी संख्या दोनाच्या दुपटीतून आली आणि तिच्यात दोनाचा आकडा एकदाही नाही.

मग नातीला त्या संख्येचे विभाजक हवे झाले. शेवटी पाच, म्हणून पाचने भाग जातो. आकड्यांची बेरीज ८७, म्हणून तीनने जातो, नवाने जात नाही. एवढं तिने तोंडी केलं. पुढचं सूत्राने निघतं. वर्गातून एक वजा केला की दोन भाग पडतात: एक कमी गुणिले एक जास्त. ते पुन्हा पुन्हा वापरलं की संख्या अशी सुटते: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. या सहाही संख्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जातात. १६४० च्या सुमारास फर्माला वाटलं होतं की अशा सगळ्याच संख्या मूळ संख्या असतात. पहिल्या पाच खरोखर तशा आहेत. सहावी ४२९४९६७२९७ नाही, हे १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं.

इथे मशीनने आम्हाला एक धडा दिला आणि घेणाऱ्यांनी तो नीट लक्षात ठेवावा. या सहाव्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा एकाने मोठा असतो, हे ऑयलरनेच सिद्ध केलं. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७ अशा रांगेतच शोधायचं, आणि त्यांतल्याही मूळ संख्याच घ्यायच्या. पहिली १९३. नातीने भागलं, उत्तर २२२५३७१७, टिंब नाही, अपूर्णांक नाही. ती उठून नाचायलाच लागली. मला शंका आली. उलटा गुणाकार करून पाहिला: ४२९४९६७३८१. ८४ जास्त. सकाळी हमालीचा हिशोब पूर्ण रुपयांत करायला मी वरची सरकपट्टी शून्यावर नेली होती आणि ती तशीच राहिली होती. मशीन उत्तर जवळच्या पूर्णांकाला नेऊन दाखवत होतं. पट्टी सरकवून पुन्हा भागलं तेव्हा २२२५३७१६ च्या पुढे ५६४ वगैरे आकडे उभे राहिले. या मशीनवर भाग गेला की नाही पाहायचं असेल तर आधी ती पट्टी मोकळ्या जागी, म्हणजे ‘एफ’वर न्या, आणि तरीही उलटा गुणाकार करून खात्री करा. पैशाच्या हिशोबालाही हेच लागू आहे. व्याजाच्या आकड्यात पट्टी शून्यावर राहिली तर वर्षाअखेरीला मेळ बसणार नाही.

पुढे २५७, ४४९, ५७७ नाही. मग ६४१. स्क्रीनवर ६७००४१७. एकही टिंब नाही, पट्टी मोकळी. उलटा गुणाकार ४२९४९६७२९७, आकड्याला आकडा. पाचव्या प्रयत्नाला मिळाला. ६७००४१७ ही मूळ संख्याच आहे. म्हणजे आपल्या एकशे चौऱ्यांशी परार्धांचे मूळ विभाजक सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. प्रत्येक एकदाच येतो, त्यामुळे एकूण विभाजक दोनाचा सातवा घात, १२८. विभाजकांची मोजदादसुद्धा दुपटीनेच झाली.

सातांपैकी पहिल्या पाच फर्मा-संख्यांचा, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ यांचा गुणाकार केला तर ४२९४९६७२९५ येतो, आणि तो पटाच्या पहिल्या चार ओळींतले एकूण दाणे! पट्टी आणि कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजाकृतींत आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी हीच, एवढ्या बाजूंची. १७९६ मध्ये गाऊस या गणितज्ञाने सतरा बाजूंची काढता येते हे दाखवलं, तिथून हा रस्ता सुरू झाला. लाकडी चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर न्यायचं ते कोडं, ल्युकाने १८८३ मध्ये काढलेलं, त्यात चौसष्ट चकत्यांना कमीत कमी चाली लागतात तेवढ्याही आपल्याच संख्येएवढ्या. सेकंदाला एक चाल धरली तरी अठ्ठावन्न हजार कोटी वर्षांच्या वर. आणि संगणकाच्या चौसष्ट बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच.

मला मात्र खरं समाधान दाण्यांनी दिलं. मी दादरचा माणूस. आम्ही दोघांनी परातीत हजार दाणे मोजले, शंभराच्या दहा ढिगल्या, आणि ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजन केलं. ३३ ग्रॅम. मग पट ओळीओळीने तोलला. पहिली ओळ २५५ दाणे, साडेआठ ग्रॅमही नाहीत, चिमूटभर. दोन ओळी मिळून ६५५३५ दाणे, दोन किलो एकशे साठ ग्रॅम, एका घराची तीन-चार दिवसांची भाकरी. तीन ओळी मिळून साडेपाच क्विंटल. छोट्या शेतकऱ्याचा बैलगाडीतला माल. चार ओळी मिळून १४१७ क्विंटल. हा आकडा दिसल्यावर मी मशीन बाजूला ठेवलं, कारण एवढा माल म्हणजे काय ते मला माहीत आहे: मापाडी, हमाल, लिलावाचा गलका, दहा टनांच्या चौदा गाड्या. दर ओळीला मागच्याच्या दोनशे छप्पन्न पट. चिमटीतून चौदा गाड्यांपर्यंत फक्त चार ओळी. आणि पट अजून अर्धा बाकी.

पूर्ण पटाचे सहा लाख आठ हजार सातशे बेचाळीस कोटी क्विंटल. सगळ्या जगात वर्षाला सगळं धान्य मिळून साधारण तीनशे कोटी टन पिकतं. त्या हिशोबाने दोनशे वर्षांचं पीक. राजाने मान हलवली तेव्हा त्याच्या दिवाणजीने पाटीवर पहिल्या चार ओळी तरी तोलून बघायला हव्या होत्या.

आता मशीनच्या उणिवा. स्वल्पविरामाच्या खुणा तीन-तीन आकड्यांवर येतात, लाख-कोटीच्या जागी नाही. शेतकऱ्याला आकडा दाखवताना मला प्रत्येक वेळी बोटाने लाख कुठे आहे ते सांगावं लागतं. आपल्याकडे विकायचं तर ही खूण आपल्या पद्धतीने हवीच. दुसरं, ‘शून्य’ आणि ‘दोन शून्य’ ही बटणं एकमेकांना फार चिकटून आहेत. घाईत पन्नास कट्ट्यांचे पाचशे होतात. सरकपट्टी सैल आहे, पिशवीतून नेताना आपोआप सरकते, वर सांगितलेला धोका त्यातूनच येतो. तिसरं, यार्डातली धूळ. दादरचा आणि मक्याचा कोंडा बटणांच्या फटीत बसतो, ‘बरोबर’चं बटण जानेवारीत दोनदा अडकलं. मी रंगाच्या मऊ ब्रशने झाडतो आणि रात्री वर रुमाल टाकतो, तेव्हापासून तक्रार नाही. सेल अजून बदललेला नाही. दुकानात अंधार असला तरी चालतं. ज्यांना बाजारात, किराणा दुकानात, सोसायटीत रोज हिशोब करायचा आहे त्यांनी घ्यावं. शाळेतल्या मुलांसाठीही घ्यावं, पण वर्गमुळाचं बटण आहे का ते आधी बघा. माझ्या मशीनवर नाही.

खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नातीने ती वीस आकडी संख्या स्केचपेनने लिहून ठेवली आहे, खाली सातही विभाजक आणि तारीख. त्याच खोक्यात बिल आणि हजार दाण्यांची पुडी आहे. गॅरंटी पुढच्या पोळ्यापर्यंत आहे. तोवर तिला पाचव्या आणि सहाव्या ओळीतल्या प्रत्येक घराचे क्विंटल वेगळे काढायचे आहेत. पाचवी मशीनवर झाली. सहावीचे तुकडे करायचं काम या रविवारी.